उतारावरचे परस

मुलांनो, डोंगराच्या उतारावर ज्यांचे घर असते त्यांच्या अडचणी सपाटीवर राहणाऱ्यांना सहसा कळत नाहीत. अशाच एका डोंगराच्या कुशीत, करवंदीच्या जाळीमागे एका साळूचे बिऱ्हाड होते. साळू म्हणजे पाठीवर लांब, काळेपांढरे काटे असलेला आणि जमीन उकरून कंदमुळे खाणारा प्राणी. बिळात ती, तिचा नवरा आणि त्यांची दोन पिल्ले असे चौघे राहत. बीळ प्रशस्त होते, कोरडे होते. खोट एवढीच होती, की बिळामागचे परस थेट खालच्या ओढ्यापर्यंत घसरगुंडीसारखे उतरत गेले होते.

त्या परसात साळू दरवर्षी करांदे, म्हणजे वेलीचे कंद, लावी. दरवर्षी पाऊस अर्धी माती वाहून नेई आणि हाती बोटाएवढे करांदे येत. साळू कुरकुरत नसे. पण एका श्रावणात, ऊन-पावसाचा खेळ चालू असताना, धाकटे पिल्लू परसात खेळता खेळता निसरड्या मातीवरून घसरले. ते एकदा उलटले, दोनदा उलटले आणि गडगडत थेट फुगलेल्या ओढ्यात जाऊन पडले. साळू जिवाच्या आकांताने खाली धावली. पिल्लू पाण्यात पडलेल्या एका फांदीला अडकले होते, म्हणून वाचले. साळूने त्याला मानेला धरून वर आणले, बिळात नेऊन चाटून कोरडे केले आणि मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे परस आता सपाट करायचंच."

"अगं, आपल्या चौघांच्या पंजांनी डोंगर सपाट होतो का?" नवरा म्हणाला.

"मग ज्याच्यानं होतं त्याला बोलवा."

दुसऱ्या दिवशी नवरा रानडुकराला घेऊन आला. उकरण्याच्या कामात त्या डोंगरावर त्याचा हात कुणी धरत नसे. रानडुक्कर परसात वर गेला, खाली आला, दोन-तीन ठिकाणी मुसंडी मारून त्याने माती हुंगली आणि म्हणाला, "होईल. पाऊस ओसरला की लागतो कामाला. वरचा निम्मा उतार कापावा लागेल. ते हिरड्याचं झाड मध्ये येतंय, तेही पाडावं लागेल. पण कोठारात यंदा जेवढे कंद भराल, तेवढे सगळे माझे."

"सगळे?" नवऱ्याचे काटे उभेच राहिले. "मग उन्हाळ्यात आम्ही काय खायचं?"

"ते तुमचं तुम्ही बघा. काम मोठं आहे," असे म्हणून रानडुक्कर निघून गेला.

हे बोलणे ओढ्याकाठच्या कोल्ह्याने ऐकले. त्याचे घर ओढ्यालगतच्या सपाट, वाळूच्या पुळणीवर होते आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. तो हसत हसत वर आला. "वहिनी, कशाला मातीत कष्ट घालता? उतार तो उतारच राहणार. बिऱ्हाड हलवा आणि माझ्यासारखं सपाटीवर येऊन राहा. फुकटचा सल्ला आहे, ऐका."

कोल्हा गेल्यावर नवरा म्हणाला, "तो म्हणतो ते खोटं नाही. सोडून दे हा नाद."

कोठार रिकामे करून पिल्लांना उपाशी ठेवणे साळूला पटत नव्हते. खालच्या पुळणीवर तर पिल्लांना बिबट्यापासून लपायला जागाच नव्हती. आणि परस आहे तसे सोडून देणे तर तिला मुळीच शक्य नव्हते. पुढे आठ-पंधरा दिवस, पाऊस आला की ती बिळाच्या तोंडाशी बसून पाण्याकडे बघत राही. पाणी कुठून येते, कुठे जोर धरते, कुठे माती उचलते, सगळे ती न्याहाळी. परसाच्या एका कडेला जुने, कुजके खोड आडवे पडले होते. पाणी तिथे येऊन थबके, गढूळ माती तिथेच टाके आणि खोडाच्या कडेने निवळ होऊन पुढे जाई. एके दिवशी पाऊस थांबल्यावर साळू तिथे जाऊन उभी राहिली. खोडाच्या वरच्या अंगाला वीतभर रुंदीची सपाट पट्टी तयार झाली होती आणि तिच्यावर दाट गवत उगवले होते.

साळू धावतच बिळात आली. "अहो, डोंगर कापायचाच नाही! माती नुसती अडवायची. दगडांचे तीन आडवे बांध घालू. त्यांच्यामागे माती भरली, की तीन सपाट टप्पे होतील. झाडही राहील. आपल्याला सगळं सपाट कुठे हवंय? पिल्लांना खेळायला आणि करांदे लावायला पुरेल एवढंच हवंय."

नवऱ्याने विचार केला. "पण ओढ्यातले एवढाले दगड वर कोण आणणार?"

"रानडुक्कर आणेल. दगड आणायचं काम त्याचं, रचायचं काम आपलं."

रानडुकराने आधी नाक मुरडले. कापाकापीचे मोठे काम हातचे गेले म्हणून तो रुसला होता. पण शेवटी कोठाराच्या चौथ्या हिश्श्यावर तो कबूल झाला. नवऱ्याचा जीव तरी खालीवर होतच होता. "चौथा हिस्सासुद्धा थोडा नाही गं. वैशाखात एक वेळ उपाशी राहावं लागेल."

"राहू," साळू म्हणाली. "पण मला सांगा, त्या दिवशी ती फांदी तिथे नसती, तर आज किती कंद देऊन तुम्ही पिल्लू परत आणलं असतंत?"

दुसऱ्या दिवशी पाया खणायला नवराच पुढे होता.

काम सोपे नव्हते. रानडुकराने दगड लोटून लोटून वर आणले आणि आपला हिस्सा घेऊन तो गेला. साळूने आधी मधला बांध सरळ उभा रचला आणि दोघांनी त्यामागे माती भरली. तो दोन दिवस टिकला आणि तिसऱ्या दिवशी मागच्या मातीच्या भाराने आडवा झाला. खाली कोल्हा पोट धरधरून हसला. "वहिनी, डोंगराशी कुस्ती खेळता होय?" साळूला रडू कोसळले, पण ती घरात जाऊन बसली नाही. बांध कुठून सुटला ते तिने दगड बाजूला करून पाहिले. पाया उथळ होता आणि भिंतीला मागे कल नव्हता. मग दोघांनी कोपरभर खोल पाया खणला, सर्वांत जड दगड तळाशी बसवले आणि प्रत्येक थर थोडा थोडा डोंगराकडे कलता ठेवला. पाणी झिरपून जावे म्हणून फटींत माती न भरता त्यांनी बारीक दगड ठोकून बसवले. साळूचे एक नख मुळापासून तुटले. नवऱ्याच्या पंजांची सालपटे निघाली. वैशाखात खरोखरच एक वेळचे जेवण सुटले आणि दोघांनी झाडाच्या साली चघळून दिवस काढले. पिल्लांच्या वाट्याचे कंद मात्र त्यांनी कमी केले नाहीत. पावसाळा तोंडावर आला तेव्हा तीन बांध उभे होते, तीन टप्पे भरले होते आणि मधला पिल्लांना खेळायला मोकळा सोडून बाकी दोहोंत करांद्यांची लावण झाली होती.

पावसाळ्याचे पहिले महिने सरळ गेले. आणि मग हस्ताचा पाऊस आला. दोन दिवस, दोन रात्री आभाळ फाटल्यासारखे कोसळत होते. पलीकडच्या उताराची दरड झाडांसकट खाली आली. साळू आणि तिचा नवरा पिल्लांना पोटाशी घेऊन बिळाच्या तोंडाशी बसले होते. वरून आलेला लोंढा पहिल्या बांधावर आदळला तेव्हा साळूने डोळे मिटून घेतले.

"बघ, बघ!" नवरा ओरडला.

तिने डोळे उघडले. पाणी पहिल्या टप्प्यावर पसरले होते आणि त्याचा जोर मोडला होता. दगडांच्या फटींतून ते बारीक धारांनी झिरपत दुसऱ्या टप्प्यावर उतरत होते, तिथून तिसऱ्यावर. खाली ओढ्याला मिळाले तेव्हा ते निवळशंख होते. मातीचे ढेकूळसुद्धा त्याने नेले नव्हते. एक दगड हलला नाही!

सकाळी पाऊस उघडला तेव्हा ओढ्याकाठची पुळण दिसतच नव्हती. तिच्यावर पुरुषभर पाणी होते आणि कोल्हा आपल्या तीन पोरांना घेऊन चिखलात माखलेला, थरथर कापत चढण चढत होता. साळूच्या परसाशी येऊन तो थांबला. वर बघायची त्याला लाज वाटत होती.

"या भावोजी, वर या," साळू म्हणाली. "मधला टप्पा रिकामा आहे. पोरांना उन्हात बसवा."

कोल्हा बसला. त्याने पायाखालच्या मातीवर पंजा दाबून पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, घट्ट आहे हो."

"असणारच," साळू हसून म्हणाली. "आम्ही दोघांनी ती दोनदा भरलीय."

त्या हिवाळ्यात साळूने करांदे खणायला घेतले आणि पहिलाच करांदा तिला एकटीला उचलेना. नवरा मदतीला आला, पिल्ले आली. एकेक करांदा त्यांच्या डोक्याएवढा होता. कोठार भरले, मग बिळाची ओसरी भरली, तरी खालच्या टप्प्यावर ढीग उरलाच. रानडुकराला दिलेला हिस्सा कितीतरी पटींनी परत आला होता. साळूने त्या ढिगाच्या भोवती डोंगरावरच्या सगळ्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावले. सगळे पोटभर जेवले आणि जाताना प्रत्येकाने बांध पंजाने चाचपून पाहिले. पुढच्या वर्षी एका बिळामागे बांध उभा राहिला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जिथे बोलावणे येई तिथे साळू जाई आणि दगड कसा कलता ठेवायचा ते स्वतः बसवून दाखवी. काही वर्षांनी समोरच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला तो सगळा उतार पायऱ्यापायऱ्यांचा, हिरवागार दिसू लागला आणि त्या पायऱ्यांवर डोंगरभरची पिल्ले मोकाट धावत होती.

तात्पर्य : एखाद्या कामाचा खर्च परवडतो की नाही हे ठरवताना, ते काम न केल्याने काय गमवावे लागेल याचाही विचार करावा, आणि गरजेपुरतेच, पण पक्के काम करावे.