न दुखणारा गुडघा

“दुखतच न्हाई, तर थांबायचं कशाला, वस्ताद?”

धैर्यशील पैलवानाने सकाळपासून हे तिसऱ्यांदा विचारलं. परवा जत्रेचं मैदान होतं आणि शेवटच्या मोठ्या जोडीत त्याचं नाव होतं. अशात काल डॉक्टरने सहा महिने कुस्ती बंद म्हणून सांगितलं होतं.

बाबालाल वस्ताद आखाड्याच्या कडेला स्टुलावर बसून तांबड्या मातीवर ताक शिंपडत होते.

“डाक्टर काय म्हनला, ते नीट सांग.”

“हाडाच्या टोकावर कूर्चा असती म्हणं. पांढरी, गुळगुळीत. तिला चीर पडलीया. तिच्यात रगत न्हाई, म्हणून ती लवकर भरून येत न्हाई. आन् तिला नस न्हाई, म्हणून ती दुखत बी न्हाई.” त्याने मांडीवर थाप मारली. “आता जे दुखत न्हाई, ते दुखणं कसलं?”

त्याच्या शब्दावर एरवी अख्खी तालीम मान डोलवायची. वस्तादांची मान काही हलली नाही.

“रगत न्हाई, तर जगती कशावर?”

“सांध्यातल्या पाण्यावर. दाब पडला की पाणी भाईर, सुटला की आत. म्हणून चालत ऱ्हा म्हनला. बैठका नकोत, कुस्ती नको.”

“हं…”

वस्तादांनी ताकाचा तांब्या खाली ठेवला.

“ह्या आखाड्यात सगळ्यात जास्त मार कोन खातं रं?”

“पडनारा.”

“माती.”

धैर्यशील हसला.

“कधी वरडली का ती?”

“माती कशी वरडंल, वस्ताद?”

“मग रोज खनायची कशाला? तेल, ताक कशाला पाजायचं?”

धैर्यशीलचं हसू तिथंच विरलं. गेल्या वर्षी गदा मिळाली तेव्हापासून त्याने खोऱ्याला हात लावला नव्हता. ज्या कडक कोपऱ्यात त्याचा गुडघा आदळला, तो कोपरा खणायची पाळी त्याचीच होती. हे त्याने डॉक्टरला सांगितलं नव्हतं, वस्तादांनाही नाही.

वस्ताद स्टुलावरून सरकत सरकत मातीत येऊन बसले. तालमीत कुणीच त्यांना कधी खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. नमाजसुद्धा ते खुर्चीवर बसून पढत.

“आता उठीव मला.”

त्याने काखेत हात घालून त्यांना उचललं. वस्तादांच्या गुडघ्यांतली करकर त्याच्या हातापर्यंत आली.

“कवापासनं हे?”

“तुझ्याच वयापासनं. असाच गुडघा आदळला हुता. दुखत न्हवतं, म्हणून आठ दिसांत मैदानात उतरलो.”

वस्ताद पुन्हा स्टुलावर टेकले आणि आरामात पाय लांब केले. त्यांच्या चेहऱ्यावर खंत म्हणून नव्हती.

धैर्यशीलने ताकाचा तांब्या उचलला. आखाड्याच्या कडेकडेने बेताने पावलं टाकत तो माती भिजवू लागला. परवाच्या मैदानाचं त्याने परत काही काढलं नाही, आणि न काढताच त्याला मोकळं वाटलं.

एक फेरी झाल्यावर तो थांबला.

“वस्ताद… ती कुस्ती हरला व्हय तुमी?”

“जितलो की रं. दोन मिन्टांत.”