दहा पावलं

"मग पिस्तुलाची बत्तीस नंबरची गोळी हरणाले कमी पडते का नाही, एवढंच सांगा, बाबा."

कासमबाबा पिराच्या ओट्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो. परवा चितळाले तीन घातल्या. तिसरीनंतरही पाय झाडत होतं. साहेबाले सांगून पंचेचाळीसचं पिस्तूल मागवतो."

त्या काळी परवान्यावर शिकार चाले. साहेब लोक लांबून बंदुकीनं हरीण पाडत. पडलेलं पण जीव न गेलेलं जनावर जवळ जाऊन पिस्तुलानं संपवायचं, हे काम माझ्या दादाचं, मोतीरामचं होतं. त्याला ते बाबांनी शिकवलं. फकिरी घेण्याआधी बाबा स्वतः शिकारी होते.

चैत्रात दादाला अस्वलानं फाडलं. पिस्तूल माझ्याकडे आलं.

"मोतीरामजवळ कोणतं होतं?" बाबांनी विचारलं.

"हेच."

"त्याले किती लागत?"

"एक."

बाबांनी दोरा दातानं तोडला.

"तो काय करे, सांग."

दादा हरणाशेजारी गुडघे टेकून बसे. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्या डोळ्यांवर टाकी. मानेवर तळवा ठेवी अन् म्हणे, "झालं, माय, झालं." मी लहान असताना माझ्या पायातला काटा काढतानाही तो हेच म्हणे. काटा निघायच्या आधीच म्हणे. मी रडायचं विसरून जाई...

तेवढं सांगितलं.

"अन् तू?"

"मी दहा पावलांवरून मारतो."

"काऊन?"

"त्याचे डोळे पाहवत नाहीत."

ओट्यावर वाळत घातलेल्या मोहफुलांवर एक चिमणी उतरली, उडून गेली.

मग मीच बोललो. "दादा पडला तेव्हा मी संगच होतो, बाबा. मी गाडी आणायले पळालो. आणलीही. पण दुपार झाली. तवर तो एकटाच..."

"हं."

"म्हणून मोठी गोळी पाह्यजे. कोणाचाच जीव तसा रेंगाळू नये."

बाबांनी सुई खाली ठेवली. माझा हात धरला अन् आपल्या मानेवर ठेवला, दाढीच्या खाली. नस उडत होती. मी हात ओढला. त्यांनी सोडला नाही.

...

ते माझ्या डोळ्यांत पाहत होते. मला खाली पाहू देत नव्हते.

शेवटी त्यांनी हात सोडला. ओट्यावर ठेवलेलं माझं पिस्तूल उचललं, कफनीच्या टोकानं पुसलं अन् माझ्या हाती दिलं.

"माग मोठी गोळी," ते म्हणाले. "दहा पावलं तेवढीच राहतील."