तिवरीच्या लेकी

फार मागे खाडीकाठी खारफुटीतली एक तिवर राहत होती. तिच्या पिकलेल्या बिया पाण्यात पडत आणि ओहोटी त्यांना घेऊन जाई. त्यातली एकही कधी माहेरी आली नाही.

शेवटी ती शेजारच्या मातीच्या बांधाला म्हणाली, "दादा, जरा पुढे सरक आणि हे पाणी अडव. माझ्या लेकी मला पायाशी हव्यात."

बांध सरकला. भरती यायची थांबली. त्या वर्षीच्या सगळ्या बिया आईच्या सावलीत रुजल्या. तिवर सुखावली.

पण आतलं पाणी जागच्या जागी कुजलं, चिखलाला घाण सुटली आणि एकेक रोप मान टाकू लागलं.

"मावशी, बांध पोखरू का?" बिळातल्या चिंबोरी खेकडीने विचारलं.

तिवरीने उरलेली रोपं पुन्हा पुन्हा मोजली. मग म्हणाली, "पोखर."

भोकातून भरती आत आली तोवर पायाशी एकही रोप उरलं नव्हतं. फांदीला तेवढी एक नवी बी होती. तिवरीने ती स्वतःच पाण्यावर सोडली.

"हिला कुठे नेऊ?" ओहोटीने विचारलं.

"मला सांगू नकोस," तिवर म्हणाली. "कळलं तर मी पुन्हा बांधाला हाक मारीन."