सावरखडीच्या चर्चची किल्ली

तुम्ही चर्च बघायला आलात आणि दाराला कुलूप, म्हणून पाळकसाहेबांच्या घरी गेलात. तिथे किल्ली नाही. मग पंचांपैकी कुणाकडे असेल म्हणून माझ्याकडे आलात. माझ्याकडेही नाही. दरवेळी पाहुण्यांची अशीच फिराफिर होते, त्यात तुमचा दोष नाही. आमच्या सावरखडीत चर्चची किल्ली पाळकाकडे नसते, पंचांकडे नसते, आणि मंडळीत जो सगळ्यात भक्तिमान म्हणून नावाजलेला असतो त्याच्याकडे तर कधीच नसते. ज्याचं मन त्या वर्षी सगळ्यात खचलेलं असेल, ज्याचा देवावरचा भरवसा डळमळला असेल, त्याच्या घरी ती असते. सध्या कुणाकडे आहे ते आख्ख्या गावाला ठाऊक आहे. का आहे ते मात्र विचारू नका, मी सांगणार नाही. निरोप धाडलाय, येईल माणूस. तोवर या लिंबाखाली बसा. चहा येतो आहे.

हे दगडी चर्च आमच्या आज्या-पणज्यांनी स्वतःच्या अंगमेहनतीने उभं केलं. चुना विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून भिंती मातीत बांधल्या. घंटेच्या जागी तो रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला दिसतोय ना, तो तेव्हापासूनचा. त्या काळी आमच्या गावाला स्वतंत्र पाळक नव्हता. मल्हारराव नावाचे एकच पाळक सात गावं सांभाळत. तट्टावर बसून ते फिरत आणि दर पंधरा दिवसांनी रविवारी आमच्याकडे येत. मधल्या रविवारी माणसं आपली आपण भजनं म्हणून घरी जात.

दार उघडायला कुणीतरी हवं, म्हणून मल्हाररावांनी किल्ली हन्नाबाईच्या हातात दिली. का दिली, तर तिचं घर जवळ. दुसरं काही कारण नव्हतं. लोक उगाच म्हणतात की ती फार मोठी भक्तीण होती. तसं काही नव्हतं असं माझी आजी सांगायची, आणि माझ्या आजीने तिला पाहिलं होतं. हन्नाबाई तोंडाने फटकळ होती, हट्टी होती, आणि कामाला वाघ होती. रविवारी सकाळी उठून दार उघडायचं, आत झाडून काढायचं, सतरंजी अंथरायची आणि रुळावर बारा टोल द्यायचे, एवढं तिचं काम. ते तिने कधी चुकवलं नाही.

मग ती साथ आली. तिला आमच्याकडे मानमोडी म्हणायचे. ताप यायचा, मान टाकायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस जायचं. हन्नाबाईचा नवरा याकोब गेला. त्याच आठवड्यात तिची एकुलती एक लेक गेली. लेक नऊ वर्षांची होती आणि तिचं नाव सुवार्ता होतं. ती अंथरुणावर होती तेव्हा हन्नाबाईने चर्चमध्ये जाऊन जमिनीला डोकं टेकून प्रार्थना केली होती. उपास केला होता. मंडळीही तिच्याबरोबर बसली होती. पण मुलगी गेलीच. मल्हारराव तेव्हा कुठे होते ते कुणालाच माहीत नव्हतं. मातीच्या वेळी प्रार्थना म्हणायलाही कुणी नव्हतं, शेजाऱ्यांनीच जमेल तसं उरकलं.

असं सांगतात की माती देऊन आल्यावर हन्नाबाई रडली नाही. तिने चर्चला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि शेजाऱ्याला म्हणाली, "माझा काय आता इस्वास राह्यला न्हाई. ही किल्ली मला नगं."

शेजारी म्हणाला, "मग टाक हिरीत."

"हिरीत कशी टाकू? ही काय हिरीनं दिली व्हती?"

"बरं, मग माझ्यापाशी दे."

"तुझ्यापाशी तरी कशी देऊ? ज्या हातानं घेतली त्याच हातात दीन."

इथे हन्नाबाईचं घराणं समजून घ्यायला हवं. तिचा सासरा गावकीच्या कामातला माणूस. चावडीवरची वस्तू ज्याने सोपवली त्याच्याच हातात परत द्यायची, मधल्या माणसाकडे नाही, हा त्या घराचा बाणा होता. हन्नाबाई त्याच मुशीतली. विश्वास गेला तरी रीत गेली नव्हती. त्यामुळे आता मल्हारराव येईपर्यंत थांबणं आलं.

पण पुढचा प्रश्न असा, की पाळक येणार ते रविवारी येणार. आले आणि दाराला कुलूप दिसलं तर म्हणतील, हन्ना पळून गेली. तो बोल तिला नको होता. म्हणून पहिल्या रविवारी तिने दार उघडलं. उघडलं म्हणजे झाडणं आलं. आणि ते वाटेवर कुठे असतील तर त्यांना कळावं म्हणून रुळावर टोल देणंही आलं. एवढं करून ती उंबऱ्यावर बसली. आत पाठ, बाहेर तोंड. आत पाऊल टाकायचं ते फक्त केरसुणी मारण्यापुरतं, असं तिने ठरवलं होतं.

त्या रविवारी कुणी आलं नाही. पाळकही नाहीत आणि मंडळीही नाही. बावीस घरांपैकी निम्मी घरं गाव सोडून नातेवाइकांकडे गेली होती आणि उरलेल्यांना बाहेर पडायची उमेद नव्हती. दुसऱ्या रविवारी सगुणाबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत आली. तिलाही घरी कुणी राहिलं नव्हतं. तिने विचारलं, "पाळक आले का गं?"

"न्हाई."

"येतील का?"

आता इथेच सगळी गंमत आहे, नीट ऐका. हन्नाबाई मल्हाररावांवर मनातून जळत होती. लेकीच्या मातीलासुद्धा आला नाही म्हणून. एरवी ती त्यांना अहोजाहो करायची, पाळकाला अरेतुरे करायची आपल्यात पद्धत नाही. पण त्या दिवशी तिच्या तोंडून निघालं, "येईल तो! न यून जाईल कुठं? तो आल्याबिगर मी हितनं हालत न्हाई."

सगुणाबाई थक्क झाली. ती जुन्या वळणाची बाई. पाळकाविषयी बोलायचं तर 'येतील', 'ते' असं बोलायचं हे तिला पक्कं ठाऊक. एकेरीत आपण देवाला बोलवतो. 'तू ये' म्हणतो, 'तो येईल' म्हणतो. म्हणजे मी पाळकाचं विचारलं आणि ही प्रभूचं सांगते आहे, असं म्हातारीने धरलं. घरात दोन मरणं होऊन ही बाई दारात बसून म्हणते, तो येईल, तो आल्याशिवाय मी हलणार नाही! म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. ती आत जाऊन बसली आणि तिने बऱ्याच दिवसांनी एक भजन म्हटलं.

सगुणाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. मंगळवारच्या बाजारात तिने ही गोष्ट चार जणींना सांगितली. तिसऱ्या रविवारी सात माणसं आली. प्रत्येकाने जाता जाता हन्नाबाईला विचारलं, "काय, येईल ना तो?" आणि ती दर खेपेला जास्तच चिडून म्हणाली, "येईल, येईल, कवातरी येईलच की!" नाताळपर्यंत गावातली उरलीसुरली घरं आली. गाव सोडून गेलेलेही एकेक करून परतू लागले. मग शेजारच्या वाड्यांवरची माणसं यायला लागली. ज्यांची लेकरं गेली होती, ज्यांनी प्रार्थना सोडून दिली होती अशी माणसं. ती नुसती येऊन तिच्याकडे बघत आणि आत जाऊन बसत. हिला जमतं तर आपणही अजून थोडं धरून ठेवू, असं त्यांना वाटे म्हणे.

हन्नाबाईचा मात्र जीव मेटाकुटीला आला होता. तिने एकदा उठून सगळ्यांना स्पष्ट सांगितलंही, "अरं बाबांनो, मी पाळकाची वाट बघत बसलेय. किल्ली वापस द्यायचीय मला. माझ्यात इस्वास-बिस्वास काय न्हाई." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई किती नम्र आहे बघा, असं म्हणून ते आणखीच भारावले. यावर तिने कपाळाला हात लावला आणि पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली. आत भजन चालू असताना ती ओठ घट्ट मिटून घेई, असं सांगतात.

असे सहा महिने गेले. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, झाला तरी मल्हारराव आले नाहीत. सणानंतरच्या शनिवारी, दुपारच्या उन्हात, ते आले ते पायी आले. तट्टू मेलं होतं. अंगावर नुसती हाडं राहिली होती. साथीत त्यांनी सात गावांतली इतकी माणसं पुरली, की नावं लक्षात राहिनाशी झाली. मग स्वतः दोन महिने अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा अंगात बोलण्याइतकी ताकद होती, पण लोकांना सांगावं असं मनात काही उरलं नव्हतं. भावाच्या घरी ते नुसते बसून राहिले. आता सातही गावांत जाऊन, मी हे काम सोडतो असं सांगायचं आणि मोकळं व्हायचं, म्हणून निघाले होते. वाटेत त्यांच्या कानावर आलं, की सावरखडीला एक बाई आहे, तिच्यासारखा विश्वास कुणाचा नाही. म्हणून ते आधी इकडे आले. शेवटचं एकदा तिला बघून जावं, एवढीच इच्छा होती.

चर्चच्या दारात हन्नाबाई सतरंजी झटकत होती. तिला त्यांना ओळखायलाच क्षणभर लागला. मग सतरंजी टाकून ती समोर आली आणि कनवटीची किल्ली काढून म्हणाली, "ही घ्या तुमची किल्ली. माझा इस्वास सरला. कार्तिकापासनं तुमच्या नावानं बसलेय हितं."

मल्हारराव उंबऱ्यावर मटकन बसले. जिला बघायला आलो ती बाई ही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते म्हणाले, "हन्नाबाई, मी ती कशी घेऊ? माझाही संपलाय. हेच सांगायला आलो होतो."

हन्नाबाईने त्यांच्या फाटक्या वहाणांकडे पाहिलं, हाताच्या काड्या झाल्या होत्या त्यांकडे पाहिलं. ज्या माणसावर सहा महिने दात-ओठ खाल्ले, तो माणूसच आता तिला सापडेना. लेक गेल्यापासून पहिल्यांदा तिला दुसऱ्या कुणासाठी रडू आलं.

"हात म्होरं करा," ती म्हणाली.

"अहो, पण मी..."

"करा म्हनते ना." तिने किल्ली त्यांच्या मुठीत दाबली. "उद्या रविवार हाय. सकाळच्याला उठून उघडावं लागतं, झाडावं लागतं. मान्सं लांबनं चालत येत्यात, त्यांला दारात उभं ठिवता येत न्हाई. माझा सरला व्हता तवा ही कमरंला व्हती म्हून मी अंथरुनातनं उठले. न्हाईतर उठले नसते. आता तुमाला लागंल ती."

एवढं बोलून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही, कारण उठायचं काही कारण नव्हतं. आणि मग रुळावरचे टोल ऐकू आले. एक, दोन, असे बारा. दुसऱ्या कुणीतरी दार उघडलं होतं. हन्नाबाई लुगडं सारखं करून निघाली, उंबऱ्यावर न थांबता आत गेली आणि सगुणाबाईच्या शेजारी बसली. त्या दिवशी मल्हाररावांनी उपदेश केला नाही. नुसता शास्त्रपाठ वाचला, आणि तोही अर्धवट सोडून ते खाली बसले. पण हन्नाबाईने भजन म्हटलं. तिचा आवाज चांगला नव्हता असं माझी आजी म्हणायची.

मल्हारराव पुढे बावीस वर्षं इथेच राहिले. वर्षभराने त्यांनी किल्ली दुसऱ्या एका खचलेल्या माणसाच्या हातात दिली, आणि तिथून ही चाल पडली. हन्नाबाई म्हातारी झाल्यावर पोरीबाळी तिला मुद्दाम विचारायच्या, आजी, तुमचा विश्वास परत कधी आला? ती म्हणायची, "गेला ते कळलं. आला कवा ते काय कळलं न्हाई बाई, झाडलोट चालू व्हती." तिने किल्ली धरून ठेवली की किल्लीने तिला, यावर आमच्या पंचांत अजून वाद होतो. मला विचाराल तर प्रभूने दोघींनाही धरून ठेवलं होतं.

आजही पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी किल्ली हात बदलते. कारण सांगितलं जात नाही. देणारा फक्त म्हणतो, "सकाळी आठला उघडायचं." माझ्याकडेही ती होती, एका वर्षाची दोन वर्षं झाली. थोरला मुलगा गेला तेव्हाची गोष्ट. चाळीस वर्षं शाळेत मुलांना प्रार्थना शिकवणारा मी, मला एक ओळ म्हणवत नव्हती. पण रविवारी झाडायला जात होतो. पुढे किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा, खरं सांगतो, सोडवेना. हसू नका.

आणि गेल्या पावसाळ्यातलं एक सांगतो. सध्या ज्याच्याकडे किल्ली आहे तो एका रविवारी आलाच नाही. आठ वाजले, नऊ वाजले. पाळकसाहेब नवीन आहेत, ते म्हणाले, दुसरी किल्ली करून घेऊ या. पाऊस भुरभुरत होता. म्हाताऱ्या-कोताऱ्या, कडेवरची लेकरं, ऐंशी-नव्वद माणसं या अंगणात उभी होती. त्याला बोलवायला कुणी गेलं नाही आणि घरी परतही कुणी गेलं नाही. सव्वाअकराला तो त्या वळणावर दिसला. विस्कटलेले केस, तसाच अंथरुणातून उठून आलेला. आम्हाला बघून तो जागच्या जागी थबकला. आपण आलो नाही तर सगळे जातील, असं त्याला वाटलं असावं. आम्ही वाट करून दिली. त्याने मान खाली घालून कुलूप काढलं, केरसुणी घेतली, आणि तो झाडेपर्यंत आम्ही सगळे बाहेर पावसात थांबलो.