टोपलीभर मातीचा आहेर

रंगोजीराव खोतांनी नव्या घराच्या अंगणापासून परसापर्यंत गुळगुळीत फरशी घातली, आणि त्यांच्या मांजरांनी शेजारच्या द्वारकाकाकूंचं मातीचं अंगण धरलं. काकूंनी पहाटे सारवावं, पापड वाळत घालायला यावं, तर कोपऱ्यात घाण! पापडांवर पोट असलेल्या बाईने करावं काय?

त्या गाऱ्हाणं घेऊन गेल्या. खोतच ते, लोडाला टेकून हसले. “आमची मांजरं खानदानी आहेत हो. तुमच्याकडे येतात ती हौसेनं. आमच्या घरात काय कमी आहे ते दाखवा, मग आवरतो त्यांना!”

काकू घरी परतल्या.

वास्तुशांतीच्या दिवशी पंगती उठल्या, आहेर सुरू झाले. काकूंनी खणाने झाकलेली टोपली खोतांपुढे ठेवली. खण उचलला, तर आत भुसभुशीत माती!

“हा कसला आहेर?” खोत कडाडले.

“तुमच्या घरात तेवढीच कमी आहे, रावसाहेब,” काकू शांतपणे म्हणाल्या. “एवढी खानदानी मंडळी, पण परसाकडेला त्यांना माझ्या दारी यावं लागतं.”

पाहुण्यांना हसू आवरेना. संध्याकाळच्या आत खोतांच्या परसातल्या चार फरश्या निघाल्या आणि काकूंची टोपली तिथेच रिकामी झाली.