राजाची वाटी आणि सायरीचं विरजण

एका राज्यात एक राजा होता, विक्रांतसेन नावाचा. त्याचा जीव दोन गोष्टींवर: दहीभात आणि स्वतःचे हुकूम. एकदा जेवून ढेकर देताना त्याने हुकूम सोडला, "बाहेरून आलेल्यांनी बाहेर जावं. त्यांच्यामुळे राज्य नासतं."

वेशीचं दार जादूचं होतं. ते बोलत असे आणि हुकूम तंतोतंत पाळत असे. दुष्काळात कधीकाळी वाळवंटातून आलेली सायरी म्हातारी, बाहेरून आलेल्या इतरांबरोबर, आपलं विरजणाचं लोटकं घेऊन बाहेर पडली. जन्म जिथे घालवला ते गाव सोडताना ती ढसाढसा रडली. दार तिच्यामागे धाडकन लागलं.

दुसऱ्या दिवशी राज्यात कुठेच दही लागलं नाही. राजा कासावीस झाला.

राजमांत्रिक म्हणाला, "शाप आहे, महाराज. आपलं दही मुळात ज्या घरचं, तिथलं विरजण आपण स्वतः वाटी घेऊन मागावं."

"ते घर अस्सल इथलंच असणार," असं म्हणत राजा आपल्या बोलक्या मैनेला खांद्यावर घेऊन निघाला.

पहिल्याच घरी प्रधानीणबाई लाजून म्हणाल्या, "आम्ही विरजण सोनारणीकडून आणतो."

सोनारीण म्हणाली, "मी तेलिणीकडून."

तेलीण म्हणाली, "एका उन्हाळ्यात साऱ्या गावाचं विरजण नासलं होतं, महाराज. तेव्हा सायरीआजीने घरोघर वाटलं. तिला कालच हाकललंत ना?"

"कालच!" मैना म्हणाली. राजाने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

नाइलाजाने राजा वेशीबाहेर गेला. दार मागे लागलं. निंबाखाली सायरी उपाशी बसली होती.

राजाने वाटी पुढे केली. "आजी, थोडं विरजण."

सायरीने वाटीत डोकावलं. "खरकटी आहे."

राजाने मुकाट्याने वाटी विसळून आणली. तिने विरजण घातलं. राजा दाराशी गेला.

"कुठला?" दाराने विचारलं.

"मी राजा!"

"असशील. आत्ता बाहेरून आलास. हुकूम आहे."

राजा दारावर बुक्क्या मारून थकला. शेवटी सायरी उठली. "दारा, घे त्याला आत. माझा शेजारी आहे तो."

"आणि तू कोण?"

सायरीने राजाकडे पाहिलं. राजाची मान खाली गेली. तो हळूच म्हणाला, "माझी शेजारीण. हुकूम चुकला माझा. मोडला मी तो."

दार उघडलं. ती आत आली, तिच्यामागून बाकीचे सारे आले, आणि दुसऱ्या सकाळी घरोघर घट्ट दही लागलं.

आजही त्या राज्यात राजाचं विरजण संपतं. मग तो वाटी घासून, पुसून, सायरीच्या दारात रांगेत उभा राहतो.