जिराफिणीने मान वळवली

आफ्रिकेतल्या एका भल्यामोठ्या गवताळ माळावर एक जिराफीण राहत असे. स्वभावाने अगदी गरीब, पण एखादी गोष्ट आवडली की तिच्याकडे तासन्‌तास टक लावून बघत राहायची. अलीकडे तिला कोण आवडलं होतं, ठाऊक आहे? चित्त्याचं एक एवढंसं पिल्लू! पिल्लाची आई भल्या सकाळी शिकारीला निघे. जाताना त्याला उंच गवतात बसवून बजावी, "मी हाक मारेपर्यंत हलायचं नाही हं!" मग पिल्लू गवतातून जिराफिणीकडे बघे आणि जिराफीण बाभळीचा पाला चघळत पिल्लाकडे. बोलणं नाही, चालणं नाही, नुसतं बघणं. पण तेवढ्याने दोघांचाही दिवस सुखात जाई.

त्या माळावर प्राणी पाहायला जीपगाड्यांतून माणसं येत. लेमायान नावाचा एक वाटाड्या गाडी चालवायचा. मोठा हुशार माणूस! एके सकाळी त्याने जिराफिणीला पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. "जिराफाला लांबचं दिसतं," तो गाडीतल्या पाहुण्यांना म्हणाला. "तो असा एकटक बघतोय म्हणजे तिकडे सिंह, नाहीतर चित्ता असणारच!" झालं! माणसांची खोड तुम्हाला माहीतच आहे. एक थांबला की दुसरा थांबतो, दुसऱ्याला पाहून तिसरा. बघता बघता सात गाड्या गोळा झाल्या, दुर्बिणी निघाल्या. पिल्लू मात्र कुणालाच दिसेना, गवत इतकं दाट होतं. पण लांब एका ओहोळात एक तरस झोपलं होतं, त्याने मान वर केली. गाड्यांची गर्दी जिथे, खाणं तिथे, एवढं ते लबाड शिकून बसलं होतं. वास घेत घेत ते निघालं.

जिराफिणीच्या काळजात धस्स झालं. "आता गं बाई! हे इकडे कसं आलं?" तिच्या मानेवर गोचिड्या टिपत बसलेला पक्षी म्हणाला, "ताई, तूच आणलंस त्याला! तू पिल्लाकडे बघतेस, माणसं तुझ्याकडे बघतात आणि तरस माणसांकडे." बिचारी थिजूनच गेली. लाथ घालून तरसाला हाकलणं तिला जड नव्हतं हो. पण पिल्लाची जागा त्याला एकदा कळली, तर ती नसताना ते पुन्हा येणार, हे तिला पक्कं माहीत होतं. मग तिने काय केलं? पिल्लाकडे पाठ फिरवली. पार पलीकडच्या टोकाला एक रिकामं वारूळ होतं, त्याच्या दिशेने चार ढांगा टाकल्या आणि त्याच्यावर नजर रोखून उभी राहिली.

"अरे, तिकडे आहे, तिकडे!" लेमायान ओरडला. सातही गाड्या धुरळा उडवत वारुळाकडे पळाल्या आणि तरस त्यांच्यामागे. दुपार झाली, ऊन मी म्हणत होतं. "काय बघतंय हे येडं? वारूळ?" गाडीतली एक बाई वैतागून म्हणाली. जिराफीण हलली नाही. एकदा मागे गवत सळसळलं. वारा होता, की दुसरं कुणी? वळून पाहावं म्हणून तिचा जीव नुसता कासावीस झाला. पण वळली असती तर सगळेच वळले असते. डोळ्यांत पाणी आलं, तरी ती त्या मेल्या वारुळाकडेच बघत राहिली. शेवटी कंटाळून गाड्या परत गेल्या आणि तरसही उपाशीपोटी चडफडत दुसरीकडे निघून गेलं.

उन्हं कलली. मागून चित्तिणीची हळू हाक आली आणि लगेच पिल्लाचं उत्तर. तेव्हा कुठे जिराफिणीने मान वळवली आणि धावत जवळ आली. पिल्लू गाल फुगवून बसलं होतं. "मावशी, आज तू दिवसभर माझ्याकडे पाठ केलीस. मी काय केलं गं?" जिराफिणीने आपली लांब मान खाली वाकवली. चित्तिणीने वाटेत तरसाच्या पावलांचे ठसे पाहिले होते. गाड्यांच्या चाकांच्या खुणा गवताजवळून वारुळाकडे कशा वळल्या, तेही पाहिलं होतं. तिने पिल्लाला पोटाशी ओढलं आणि म्हणाली, "सोन्या, आज मावशीने तुझ्याकडे पाहिलं असतं ना, तर तू मला दिसला नसतास." मग पिल्लू उठलं, मागच्या दोन पायांवर उंच झालं आणि जिराफिणीने खाली आणलेलं नाक त्याने चाटलं.

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याच्यासाठी कधी कधी नजर फिरवूनही उभं राहावं लागतं; ती पाठ ज्याला दिसेल, त्याने लगेच रुसू नये.